उलटा कोट

मॅनिंगहॅमच्या चढावर सव्वाचारलाच अंधार.
परवाच्या आतषबाजीतला एक जळका बाण
अजून पन्हळीत अडकलेला.
नऊ नोव्हेंबर. साल्मेबाईंच्या पायाची पट्टी,
पंचवीस मिनिटं. मग हॉल्रॉइड. मग घर.

दार उघडलं ते ओठांवर बोट ठेवूनच.
हळू बोल. हा महिना त्यांचा आहे.

स्वयंपाकघरात टेबल मांडलेलं :
बार्लीची लापशी, काळा पाव, मीठ,
आणि चमचे, एका बाईला लागतात त्याहून कितीतरी जास्त.
टीव्ही बंद. शिवणयंत्र चादरीखाली.
या दिवसांत चाक फिरवायचं नाही,
एस्टोनियात त्यांची आई म्हणायची,
गेलेल्यांना घरघर सोसत नाही.
एंडेल येतो. बेटावरचे मामा येतात,
बोटीचं तिकीट न काढता.
ब्रॅडफर्डचा पत्ता त्यांना कुणी दिला,
मी विचारलं नाही.
जखम धुतली. कडा गुलाबी, चांगलं लक्षण.

आजची एक रात्र सोडून, त्या अचानक म्हणाल्या.
आज मार्दीची रात्र. आज गोंगाट चालतो.

लोकर विंचरायच्या गिरणीत होत्या तेव्हा
सतरा जण निघायचे या गल्लीतून,
कोट उलटे, अस्तर बाहेर,
तोंडाला चुलीची काजळी,
एकाच्या हातात चिमट्याचा हंस, चोच वाजवणारा.
पुरुष कोण, बाई कोण, ओळखू येता कामा नये.
दार वाजवायचं, आत धान्य उधळायचं,
नाचायचं, पोरांना वाचता येतं का ते तपासायचं,
सफरचंदं घेऊन पुढचं दार.
पहिल्या वर्षी मिसेस अ‍ॅक्रॉइडनी पोलीस बोलावले.
दुसऱ्या वर्षी त्यांनीच टोपली भरून ठेवली.

मग?

मग काय. एकेक जण
टेबलाच्या त्या बाजूला गेला.

मी हातमोजे काढले.
घड्याळ पाहिलं, ते पाहायला नको होतं.
कपाटातली बार्लीची पिशवी उचलली,
बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं.

पोर्चच्या दिव्याखाली
सरकारी निळा कोट उलटा केला.
शिवणींचे दोरे, धुलाईचं लेबल, फाटका खिसा
सगळं जगासमोर.
काजळी कुठून आणणार, इथे भिंतीत गॅस.
पर्समध्ये काजळ होतं, कणकवलीच्या बाजारातलं,
आई दर खेपेला डबी देते.
दोन बोटांनी गालांवर ओढलं.
समोरच्या घरातल्या मुलाने पडदा बाजूला केला,
आणि आईला हाक मारायला पळाला.

मी दार वाजवलं. मुठीने, जोरात.

कोण? आतून.
आवाज बदललेला, जाडा, मालकिणीचा.
मार्दीचे भिकारी, मी म्हणाले, शिकवल्याप्रमाणे.

कुठून आलात?

हा प्रश्न मला बसस्टॉपवर विचारतात,
लिफ्टमध्ये, रक्त काढताना,
आणि मी दर वेळी
थोडं छोटं उत्तर देते.

लांबून, मी म्हणाले.
खूप लांबून, बाई, रस्ते वाईट होते,
दोन समुद्र लागले, बूट ओले आहेत,
पण तुमच्यासाठी पीक आणलंय.

दार उघडलं. मी मूठ उधळली.
बार्ली गालिच्यावर, रेडिएटरच्या मागे,
लापशीच्या वाडग्यात, पट्टीच्या नव्या गाठीवर.
त्या काठी टेकून उभ्या राहिल्या
आणि जागच्या जागी, एका पायावर,
नाचल्या म्हणावं इतपत हलल्या.
मग माझं वाचन तपासलं :
पिशवीवरची तारीख मोठ्याने वाचायला लावली.
पास.
सफरचंद दिलं, एका बाजूला सुरकुतलेलं.

झाडू आणते, मी म्हणाले.
खबरदार, त्या म्हणाल्या,
आणि बोट पुन्हा ओठांवर गेलं.

हॉल्रॉइडकडे सव्वा तास उशीर.
त्यांनी चष्मा पुसून माझ्याकडे पाहिलं.
खाणीत उतरली होतीस की काय, पोरी?
त्यांची स्वतःची बावीस वर्षं खाणीत गेलेली.
त्यांच्या बाहीवर माझ्या कोटाचा एक दोरा चिकटला,
आणि रक्तदाब घेताना
माझ्या बुटातून
एक दाणा त्यांच्या फरशीवर पडला.