रांजण धुणारा

तेवीस दिवस झाले.
त्सियाला म्हणते, मी मोजत नाही.
पण कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी,
पेन्सिलीच्या बारीक रेघा आहेत
आणि त्या मी ओढलेल्या नाहीत.

सकाळी चमचा बशीवर वाजत नाही आता.
दुपार निभते.
सहा वाजता डोंगराची सावली अंगणात उतरते
आणि जिभेला आठवू लागतं.
मग मी मनुका खातो, अक्रोडाचा मुरांबा खातो,
नुसती साखरही खातो, लहान पोरासारखी चोरून,
डबा लावताना आवाज होऊ न देता.
चोरीची सवय गेलेली नाही.
माल बदललाय.

नऊला ओतारचा फोन. तेलावीत लोकांचे दात काढतो,
चौदा वर्षं कोरडा आहे.
"आज काय केलंस?"
"काही नाही."
"झकास. उद्याही तेच कर."

या गावात मी तमादा होतो.
पंगतीत आधी तमादाने उठायचं, पेला धरून बोलायचं,
तो संपला की मग बाकीच्यांनी प्यायचं.
लग्नात, बाप्तिस्म्यात, मयताच्या जेवणात
मी मेलेल्यांसाठी बोललो, वाटेवरच्या पाहुण्यांसाठी,
अजून जन्मले नाहीत त्यांच्यासाठी बोललो.
माणसं रडायची. मीही रडायचो.
घरी येऊन काय करायचो
ते त्सियालाने कुणाला सांगितलेलं नाही.
मधल्या खोलीची कडी अजून वाकडी आहे.
परवा पक्कड घेऊन बसलो तासभर.
सरळ होत नाही.

मालखाझच्या पोराच्या लग्नात कडेला बसलो,
समोर बाटलीतलं हिरवं सरबत.
"एकच घे रे, द्राक्षाचाच तर रस,"
मालखाझ म्हणाला, आणि प्रेमानेच म्हणाला,
म्हणून त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.
माझ्या पेल्यात पाणी, म्हणून
सगळं गाव मला पाण्यात पाहतं.
तमादा दुसराच होता, शाळेतला कवायतीचा मास्तर.
अडखळला, नावं विसरला, कुणी रडलं नाही.
सगळे वेळेवर घरी गेले.
हे मला फार लागलं.

द्राक्षं उतरायच्या आधी रांजण धुवायचे असतात.
पोट त्यावरच आहे माझं.
गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले, माणसाहून उंच.
शिडीने उतरायचं, चेरीच्या सालीच्या कुंच्याने घासायचं,
घासून आलेलं पाणी बादलीने वर द्यायचं.
नियम एकच, आतल्याने बोलत राहायचं.
खाली हवा जड असते, डोक्यात कधी चढते कळत नाही.
आवाज थांबला की वरच्याने दोर ओढायचा.

आज वर खातुना होती, माझी मुलगी.
चार वर्षांनी आलीय.
जेवताना मीठ मागते ते आईकडे,
मीठ माझ्यासमोर असलं तरी.

खाली वास होता. मातीत मुरलेला,
गेल्या सालचा, त्याआधीच्या सालचा,
माझ्या बापाच्या वेळचाही असेल.
मी भिंतीला कपाळ टेकलं.
जीभ बाहेर आली.
खोटं कशाला सांगू,
बोटभर अंतर होतं.

"बाबा. बोल."
काही सुचेना. हजार पेल्यांवर बोललेला मी.
"बोल, नाहीतर ओढते."

मग जे होतं तेच बोललो.
कुंचा. चुना.
डाव्या हाताला एक भेग आहे, केसाएवढी.
पाणी गार आहे.
पाय दुखतोय.
मला वास येतोय, खातुना.

वर बराच वेळ कुणी बोललं नाही.
कमरेचा दोर जरासा ताणला गेला,
ओढण्याइतका नाही.
"कळलं," ती म्हणाली.
"थांबू नको. भेगेचं सांग. केवढी आहे?"

मी बोटाने मोजून सांगितलं.

वर आलो तेव्हा साडेचार झाले होते.
सहाला अजून दीड तास होता.