कृत्रिम लाळ

मी लाळ बनवते.
गिमारायशच्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
चिमूट चिमूट क्षार, बाकी पाणी.
घामही बनवते, दोन तऱ्हेचा:
एक ताजा, आंबट; एक शिळा, साबणासारखा.
"तुझी आई घामावर घर चालवते,"
नवरा मुलाला सांगायचा
आणि आपल्याच विनोदावर खोकेपर्यंत हसायचा.

पाकिटातून झबलं येतं.
त्याचा बोटभर तुकडा कापायचा,
सहा धाग्यांच्या पांढऱ्या पट्टीला टाचायचा,
लाळेत भिजवून दोन काचांमध्ये दाबायचा,
वर वजन, आणि चार तास भट्टीत,
अंगाच्या उबेइतक्या.
तेवढ्या वेळात मी बटणं ओढते.
यंत्र ओढतं, मी आकडा बघते,
आणि दर वेळी माझेच दात शिवशिवतात.

आल्झिराचं झबलं लाल होतं.
डाळिंब फोडल्यावर पहिल्यांदा दिसतं तसं.
सोबत ही एवढी फाइल:
एजियन किनाऱ्यावरचं शेत,
किती वर्षं तिथे फवारा पडला नाही,
जिनिंग, सूतगिरणी, विणकाम,
दर हस्तांतराचा कागद,
किलोला किलो जुळलेला.
इतकी चोख फाइल
माझ्या लग्नाचीही नाही.

चार तासांनी पट्टी उघडली.
सुतावर गुलाबी, नायलॉनवर गुलाबी,
जणू कुणी घाईत मुका घेतलाय.
ठरलेल्या दिव्याखाली, करड्या पट्ट्यांशी ताडून
मी लिहिलं: तीन.
पुन्हा करून पाहिलं. तीन.

"पण कापूस सेंद्रिय आहे!" फोनवर आल्झिरा.
आहे ना. कापूस खरंच बोलतोय, बाई.
रंगाने तोंड उघडलं.

एक शिक्का उलटा चालत जातो,
दुकानातून गिरणीत, गिरणीतून शेतात,
पायांना माती लागेपर्यंत.
दुसऱ्याला शेताशी घेणं नाही,
तो कातडीशेजारी बसून विचारतो,
टोचतंय? खाजतंय? तोंडात गेलं तर?
निर्मळ कापूस वाईट रंगात बुडतो कधी,
आणि औषधांवर पोसलेला कापूस
धुऊन-पुसून बाळाच्या गालाला चालून जातो.
तिसरा शिक्का दोन्ही विचारतो,
वर शिवणारीला रजा मिळते का, तेही.
"तो मला परवडत नाही," ती म्हणाली,
"सहा मशीनं माझी, त्यातलं एक रुसलेलं."
मग बराच वेळ फोनवर
उरलेली पाचच ऐकू येत होती.

लोक लेबलावरचं हिरवं पान बघतात
आणि सुतावरून स्वर्ग गाठतात.
मी सुतापाशी थांबते.
त्याचाच मला पगार आहे.

माझ्या लहानपणी आव्ह नदी
कारखान्यांच्या रंगाने वाहायची.
पुलावरून आम्ही ओळखायचो
आज कुणाकडे कसली ऑर्डर आहे ते.
एकदा आठवडाभर जांभळी होती.
आम्हाला ती फार आवडली.

घरी, खालच्या खणात, तेल्मुचं झबलं आहे.
बार्सेलुशच्या गुरुवारच्या बाजारातलं,
एका म्हाताऱ्याने टोपलीतून काढून दिलेलं,
ना लेबल, ना गाव, नुसतं पिवळं.
गळ्याची कड चघळून चघळून
त्याने पांढरी करून टाकली होती.
तो पिवळा गेला कुठे,
हे तेव्हा मनातही आलं नाही.

आता तो लक्झेंबर्गला फरशा बसवतो,
सहा फूट, दणकट, फोन कमी करतो.

दोनदा ते झबलं पिशवीत घालून
मी इथवर आणलं.
कात्री हातात घेतली.
दोनदा परत नेलं.

आल्झिराने नवा तुकडा पाठवलाय,
या वेळी रंगाशिवाय,
कापसाचा आपला मूळचा, सायीसारखा.
वास घेऊन पाहिला. नियमात बसत नाही ते.
भट्टी तापतेय.
मी लाळ ढवळतेय.