काटा

ओलेसुंडच्या इस्पितळात, पहाटे तीन वाजता,
टोरब्योर्ग इट्टरडालचा खुबा तिघं मिळून जोडत होते.
मी उशाशी. माझं काम एवढंच:
तिला इतकं लांब न्यायचं की हातोडीचा आवाज पोचू नये,
आणि इतकंही लांब नाही की हाक आल्यावर
वाट सापडू नये.

वय शहाऐंशी. बंदराच्या धक्क्यावर चाळीस वर्षं
मासळीचा काटा तिच्या हाती.
मास्कखालून म्हणाली, "तुझा काटा खरा आहे ना?
आधी रिकामा तपासून घे."

कपाळावर चार चकत्या चिकटवलेल्या,
पडद्यावर हिरवी रेघ, कोपऱ्यात आकडा.
चव्वेचाळीस. बेचाळीस.
कुणीतरी रेडिओवरचा वाऱ्याचा अंदाज बारीक केला,
आणि रेघ सपाट झाली.
मेली नव्हे. ओहोटीला चिखल उघडा पडतो तशी.
एक उसळी, पुन्हा चिखल.
मी वायू कमी केला, केसभर.
कालवणातलं मीठ काढून घेता येत नाही,
हे येतं; म्हणून तर हा धंदा पत्करला.
हळूहळू पाणी चढलं.

कागदावर सगळं नीट.

दुसऱ्या संध्याकाळी तिचा मुलगा दारातच थबकला.
"ही माझी आई नाही."
ती नर्सला जकातवाला समजत होती,
छतावरून पेट्या उतरवत होती,
सलाइनची नळी दोनदा उपटली, म्हणे गळ अडकलाय.

मी नोंदी पुन्हा काढल्या. सपाट: सव्वाचार मिनिटं.
तेवढ्याचं हे? की मोडलेल्या हाडाचं, तापाचं,
घरी राहिलेल्या चष्म्याचं,
की जूनमधल्या या रात्रीचं, जी धड रात्र होतच नाही?
आकडा गप्प.
तो खोली सांगतो. तळाशी काय पडलंय, ते नाही.

आम्ही पडदे ओढले. त्यानं चष्मा आणला,
कानातलं यंत्र आणलं,
भिंतीवरच्या घड्याळात नवा सेल घातला.
"आई, मी आयलिफ."
"खोटं. आयलिफ सात वर्षांचा आहे."

तो वाद घालत बसला नाही. स्वतःचा हात
तिच्या तळव्यावर ठेवला, सगळा भार सोडून.
तिनं तो जरा उचलला, खाली घेतला.
"किती भरला?" त्यानं विचारलं.
"थांब," ती म्हणाली, "काटा हलतोय अजून."

तो थांबला.
माझी पाळी संपून तास झाला होता.