लाइन-इन

वाशीला सेक्टर सतरात, जिन्याखालच्या दुकानात,
जिगरशेठने काचेवर दोन खोकी ठेवली.
हे आतलं. कॅबिनेट उघडावं लागेल. अठराशे पन्नास.
हे बाहेरचं, यूएसबी. खुपसलं की चालू. बत्तीसशे.
आतल्याला रिमोट आहे, एफएम आहे,
बाहेरच्याला स्वतःची चिप, प्रोसेसरला त्रास नाही.
"रेकॉर्डिंग करणार ना? मग हार्ड डिस्क किती?"
चाळीस, मी म्हणालो.
त्याने असं पाहिलं
जशी ती माझी बारावीची टक्केवारी होती.

मला सातच मिनिटं हवी होती.
गुरुवारी साडेपाचला ऋजुता टीव्हीवर नाचणार होती,
मुलांच्या कार्यक्रमात, तिसरी किंवा चौथी,
आणि बाबांना रबाळ्याला सेकंड शिफ्ट.
रंगाच्या कारखान्यात सुट्टी हवी तर
घरात कुणीतरी मरावं लागतं,
नाचून भागत नाही.

आईने मोजून अठराशे पन्नास दिले होते
आणि वर रिक्षाचे वीस.
निवड अशी झाली.

कोपरखैरणेच्या घरात मी कॅबिनेट आडवं पाडलं,
पांढऱ्या फटीत कार्ड दाबलं, अंगठ्यावर वळ उठला.
केबलवाल्याची वायर दुभागली,
एक टीव्हीला, एक आपल्याला.
पडद्यावर आधी मुंग्या,
मग मुंग्यांच्या मागे कोणीतरी हातवारे करतंय,
मग पाल-बी निवडल्यावर त्या माणसाला रंग आला.
आवाजाची वायर निळ्या भोकात. बरोबर.
फक्त आतल्या खिडकीत टिकमार्क राहिला माइकवर,
आणि माइक की-बोर्डच्या बाजूला, तोंड घराकडे करून.

रविवारी बाबा अंघोळ करून खुर्चीत बसले.
ऋजुता आली, हिरवी साडी, पाय दिसत होते स्पष्ट.
तबला मात्र लांबून, विहिरीत वाजवल्यासारखा,
आणि अगदी जवळ घरतकाकू:
"अगो, जाडी दिसते टीव्हीत!"
कुकरची शिट्टी. मग आई: "गप, गप, आता गिरकी आहे."
दुसरी शिट्टी.
बाबा म्हणाले, सम बरोबर शिट्टीवर आली बघ.
मी खजील. ते खूष.

मी वेळ लावली होती साडेसहापर्यंत.
नाच संपल्यावर आईने टीव्ही बंद केला होता, कार्डाने नाही.
बातम्या लागल्या.
निवेदिका ओठ हलवत होती, केस नीट, मागे नकाशा,
आणि आवाज आईचा:
"साडीचं भाडं, मेकअपवाल्या बाईचे वेगळे, आणि हे ह्याचं कार्ड.
दोन बांगड्या ठेवल्या सेक्टर नऊच्या सराफाकडे.
ह्यांना बोलू नका हं."
निवेदिकेने मान किंचित वाकवली, कागद सारखे केले.

स्वयंपाकघरात कढईत काहीतरी पडलं.
मी माउसकडे हात नेला तर बाबांनीच विचारलं,
"हे पुढे ढकलता येतं का?"
मी बाणाचं बटण दाखवलं.
त्यांनी बोट ठेवलं, उचललंच नाही,
बातम्या पळाल्या, खेळ पळाले,
हवामानात येऊन थांबले.
"नीट दिसली का हो?" आई आतून.
"दिसली," ते म्हणाले. "एकदम क्लिअर."

त्यानंतर चार रविवार ते घरी नव्हते.
पाचव्या आठवड्यात ओट्यावर, साखरेच्या डब्याशेजारी
गुलाबी कागदाची पुडी होती.
आईने ती उघडताना मी पाणी पीत होतो,
पीतच राहिलो.

आता ते कार्ड बिस्किटांच्या डब्यात आहे.
नव्या बोर्डवर पांढरी फटच नसते,
आणि त्या तारेतून तसं काही येतही नाही.
ऋजुताने लग्नात दाखवायला क्लिप मागितली
तेव्हा मी सात मिनिटं कापून दिली, वर दुसरा तबला चढवून.
बाकीची फाइल तशीच, चौथ्या डिस्कवर.

टिकमार्क मी दुसऱ्याच दिवशी लाइन-इनवर केला होता.
पुढचं सगळं रेकॉर्डिंग एकदम स्वच्छ आलं,
मॅची, सिनेमे, एक सूर्यग्रहण.
जागा कमी पडली तसं
एकेक करून पुसलं.