रद्द करून परत

रात्री साडेदहाला, आत भांडी विसळण्याचा आवाज चालू असताना
मी मोबाइलवर माझं नाव टाइप केलं
आणि सरकारला ते मान्य झालं.
पहिल्या फटक्यात.
तोरसकर वामन हरिश्चंद्र, जन्म देवगड,
खूण: उजव्या भुवईवर व्रण.
पैसे कापले गेले, टिंग वाजलं,
शुक्रवारची वेळ मिळाली.

माझा विश्वास बसला नाही.
बत्तीस वर्षं वॉर्ड ऑफिसात
जन्म-मृत्यूच्या टेबलावर काढलेला माणूस
असल्या टिंगवर विश्वास ठेवत नसतो.
गुरुवारी माहीमच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो,
प्रत्येक कागदाच्या तीन-तीन प्रती:
विजेचं बिल, आधार, पेन्शनचं बुक,
शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाची पत्रिकासुद्धा.
शरयू म्हणाली, वरातही न्या.
डिंकाची बाटली, टाचण्या, दोन काळी पेनं,
सहा फोटो, ज्यांत मी
नुकताच पकडला गेल्यासारखा दिसतो.
आणि खिशात, घडी घालून, एक भांडण.
पहिल्या वाक्यासकट तयार:
साहेब, मीही सरकारी नोकरीतच होतो.

लोअर परळला खुर्चीवर टेकतो न टेकतो
तोच पडद्यावर माझा नंबर.
खिडकीत एक मुलगी, केसांत पेन खोचलेली.
बोटं टेकवा म्हणाली. इकडे बघा म्हणाली.
झालं म्हणाली.
शेवटच्या खिडकीतल्या माणसानं जुना पासपोर्ट चाळला,
छत्तीस पानं, फर्रकन,
पत्त्यांचा कॅट पिसावा तशी.
सगळी कोरी.
खात्यातले आम्ही सात जण बँकॉकला निघणार होतो.
आधी गावकर गेला, बँकॉकला नव्हे,
मग कुणी विषय काढला नाही.

कुठं गेला नाहीत?
नाही.
आता जाणार?
बघू.
एवढं उत्तर त्याला पुरलं.
आमच्या टेबलावर कुणाचं एवढ्यावर भागलेलं
मला आठवत नाही.

अठ्ठावीस मिनिटं.
बाहेर आलो तर अकराही वाजले नव्हते.
भांडण खिशात तसंच, इस्त्री न मोडलेलं.
उसाचा रस घेतला, बर्फ न घालता,
आणि तिथं, काही कारण नसताना,
आठवली सगुणा मोरजे.

नवऱ्याच्या दाखल्यासाठी यायची.
रेशनकार्डावर तिचा उकार पहिला, अर्जात दुसरा.
एका उकारापायी मी तिला सहा वेळा परत पाठवली.
पाच वेळा नियमानं.
सहाव्यांदा जेवणाच्या सुट्टीला चार मिनिटं होती.
शिवडीहून यायची, बसनं की चालत, विचारलं नाही.
भांडली नाही कधी.
कागद पदराखाली झाकून न्यायची,
जसं काही त्याला ऊन लागेल.
आता कुणी एक बटण दाबत असेल
आणि उकार जागेवर येत असेल.
चांगलंच आहे. चांगलंच म्हणतो मी.
फक्त बत्तीस वर्षं मी नेमकं काय अडवून धरलं होतं
हे त्या रसवाल्याला विचारावंसं वाटलं.
त्यानं सुटे मागितले.

मंगळवारी पोस्टमन नवा पासपोर्ट घेऊन आला.
नव्या बुटासारखा वास.
जुना त्यांनी तिथंच हातात दिला होता, कोपरा कापून.
तो रात्री दिव्याखाली उघडला.
दहा वर्षांत त्यात उमटलेला एकुलता एक शिक्का:
रद्द.
सरळ, ठळक, शाई कुठं न फुटलेली.
शिक्का मारण्यातलं मला कळतं.
चांगला मारलाय.

उरलेल्या झेरॉक्स शरयूनं वाण्याच्या यादीला घेतल्या.
काल शाळेच्या दाखल्याच्या पाठीवर लिहिलं तिनं:
साबूदाणा, पाव किलो.
मी पेन उचललं,
उकारापर्यंत नेलं,
आणि टोपण लावलं.
वाण्यानं साबुदाणाच दिला.