समासातला हिशेब

पत्र क्रमांक एकोणीस. कागद आडवा भरल्यावर
तोच फिरवून उभा लिहिलाय.
टपालाचा दर कागदागणिक,
बोलणं न संपणारं.
पंखा बंद ठेवून वाचते,
नाहीतर कसरीनं सोडलंय तेवढंही उडून जाईल.

रेव्हरंड मक्लीशांचे कच्चे खर्डे वेगळ्या बस्त्यात.
पुण्याहून लिहितात, बॉस्टनकडच्या सेमिनरीतल्या
जुन्या सोबत्याला, थॅचरला:
'मत्तय ऋण म्हणतो, लूक पाप.
मराठीत मी कोणाचं ऐकू?
इथली माणसं जन्मतःच तीन ऋणं घेऊन येतात,
देवांचं, ऋषींचं, बापजाद्यांचं.
ती फेडायची असतात. सोडत कोणी नाही.
ऋण सोड म्हटलं की माझा शास्त्री हसतो.'

जहाज आफ्रिकेला वळसा घालून गेलं.
वर्ष उलटल्यावर उत्तर: ग्रीक धातू, दोन जर्मन मतं,
बायकोचा खोकला,
आणि 'तुझा शास्त्री नेमका कसा हसतो ते कळव.'

पुन्हा जहाज. मुंबई, पनवेल, खंडाळ्याचा घाट,
काठीला घुंगरू बांधलेला हरकारा.
एका शब्दासाठी किती पावसाळे गेले, मोजले नाहीत मी.
खोकला मधल्याच एका पत्रात थांबला,
पुढच्या पत्राला काळी किनार.

शास्त्री कसा हसतो, हे मक्लीशांनी कळवलेलं सापडत नाही.

सापडतं ते खर्ड्याच्या समासात.
शाई तीच, बोरू वेगळा.
शनिवारी शिकलेली मोडी इथे कामी आली:
'नारोशास्त्री केंजळे यांचे येणें,
दरमहा रुपये पाच, महिने तीन.
एकूण पंधरा.'
बरोबर त्या ओळीशेजारी,
जिथे साहेब ऋण या शब्दाखाली
दोन रेघा ओढून थांबलेत.

माझ्याआधी ज्यानं यादी केली
त्याला मोडी येत नसावी. पेन्सिलीनं नोंद आहे:
'समासात किरकोळ खुणा. विषयाशी असंबद्ध.'
मी खोडरबर घेतलं
आणि त्यातला अ तेवढा पुसला.

पुढचे खर्डे तपासतेय.
चुकते केल्याची खूण अजून तरी नाही.
शेवटी शब्द ऋणच ठरला, एवढं माहीत आहे;
दर रविवारी, क्वार्टर गेटच्या आमच्या देवळात
सगळ्यांबरोबर डोळे मिटून मीही तो म्हणते.
हल्ली म्हणताना कळत नाही,
मी मागणाऱ्यांत उभी आहे
की येणें असणाऱ्यांत.