हिरवट

सोमवारी उद्यमनगरातले लेथ बंद असतात,
तेव्हा रात्री आम्ही पाच जण रंकाळ्याच्या कट्ट्यावर जमतो
आणि खिशातनं टॉर्च काढतो.
करंगळीएवढे, अंगठ्याएवढे,
बाबालालचा तर गाडीच्या किल्लीला अडकवलेला,
गुळाच्या खड्याएवढा.

बायकोला सांगितलंय, मीटिंग असते.
कशाची, ते तिनं विचारलेलं नाही.

पहिलं भांडण रंगाचं.
नंदू पोतदार गुजरीत बसतो. त्याचं म्हणणं,
हिरवट उजेडात बावीस कॅरेटसुद्धा पितळ वाटतं,
असला टॉर्च फुकट मिळाला तरी दुकानात आणू नये.
तो स्वतःचा तळवा उजेडात धरतो:
हा काय जित्या माणसाचा हात आहे?
अरिंजय मगदूमला पांढराशुभ्र लागतो.
शिरोलीला फौंड्रीत तीस वर्षं काढली त्यानं,
रस नुसता बघून तापमान सांगतो,
उजेड पिवळा दिसला की त्याला वाटतं
ओतायला अजून वेळ आहे.

तेजस्विनी खोत वयानं सगळ्यांत लहान,
पण तिचं ऐकावं लागतं,
ती रात्री-अपरात्री साप धरायला जाते.
हिरवट उजेडात पाचटातली घोणस
पाचटच होऊन जाते, ती म्हणाली.
तांबूस असला की पाठीवरच्या साखळीची
कडी न् कडी सुटी दिसते.
यावर कोण काय बोलणार?
नंदू तेवढा पुटपुटला, बघा, सोनं काय नि साप काय.

दुसरं भांडण मिटत नाही.
सेल संपत आला की टॉर्चनं काय करावं?

अरिंजय: शेवटपर्यंत तेवढाच उजेड. मग एकदम गप्प.
कुरकुर नको.
तेजस्विनी: आणि त्या वेळी माझा हात बिळात असला तर?
आधी डोळा मिचकावून सांगायला पाहिजे.
नंदूला पायरी पायरीनं उतरणारा हवा,
हप्त्यानं उधारी फेडल्यागत.
मी स्वतः पितळेची नळी कातून टॉर्च बनवलाय,
त्यामुळं मला मत विचारत नाहीत.
बाबालाल चहा आणायला गेला.

मागच्या सोमवारी पैज लागली.
पाच टॉर्च ओळीनं, सगळ्यांचे सेल अर्धमेले,
समोरच्या भिंतीवर पाच गोल.
भेळवाले गाड्या ढकलत गेले.
गस्तीचा हवालदार आला, काय चाललंय?
म्हटलं, साहेब, कोण कसा जातोय ते बघतोय.
तो थोडा वेळ बसला आमच्यात.

माझा आधी गेला. आटा ढिला होता.
कुणी काही बोललं नाही, हे फार लागलं.
अरिंजयचा गेला त्याच्याच वाक्याच्या मध्यात,
समोरच्यानं फोन आपटल्यासारखा,
आणि वाक्य त्यानं पुढं पुरं केलंच नाही.
नंदूचा चौथ्या पायरीवर अडखळून विझला.
तेजस्विनीचा मिचकावत राहिला, मिचकावत राहिला,
शेवटी तिनंच कंटाळून झाकण उघडलं
आणि आतली रबरी रिंग घरंगळली
फरशांच्या फटीत.

मोबाईल कुणी काढला नाही.
तेवढी लाज आहे आम्हाला.

उरला बाबालालचा.
लक्ष्मीपुरीच्या बाजारातला, ऐंशी रुपयांचा,
आत ना सर्किट ना काही,
उतरत उतरत तांदळाएवढा झालेला,
आणि रंग तर विचारू नका, शेवाळ.
बाबालाल गुडघ्यांवर बसला,
तो तांदूळ फटीफटीतनं फिरवत गेला,
आम्ही चौघं त्याच्या मागं वाकून,
देवळात वाकतात तसं नाही,
मुलाच्या हरवलेल्या गोटीसाठी वाकतात तसं.

रिंग सापडली. नंदूनं पुसून दिली.
त्या उजेडात त्यानं तळवा धरला नाही.

दीड वाजता घरी आलो, दिवा न लावता.
अंथरुणातनं आवाज आला,
मीटिंगमधी काय ठरलं?
म्हटलं, काही नाही.
पुढच्या सोमवारी परत आहे.